भिंतीतली वायर

आमच्या पृथ्वीराजचा चिक्कूपणा बघितला की हा माझ्याच पोटचा का, असं वाटतं. कारखान्याच्या हापिसात त्यानं तीन कॉम्प्युटर एकमेकांना जोडले, पण नेटचं कनेक्शन काय घेतलं न्हाय. भिंतीतून एका जुन्या वायरीचं टोक आलं होतं, तेच कॉम्प्युटर जोडायच्या डबीत खुपसलं. लगेच हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

"पलीकडं कोण हाय रे?"

"कोण का असंना, आई. फुकटात नेट आलं की."

मी खिडकीतून वाकून बघितलं. हापीस माडीवर, भिंतीपलीकडं नुसतं आभाळ. वायर कुठंच बाहेर निघत नव्हती.

"उपटून टाक ती," मी म्हटलं.

त्यानं वायर डबीतून काढली, बोटांना गुंडाळली आणि ओढली. मग आतून कुणीतरी ओढली. हळूच, पोर आईचा पदर ओढतं तशी.

पृथ्वीराज हसला. आतून दुसऱ्यांदा ओढल्यावर हसला नाही. त्याचा हात भिंतीला जाऊन टेकला.

भोक करंगळीएवढं होतं. त्याची करंगळी आत गेली होती.

मी त्याची कंबर दोन्ही हातांनी धरली. "पृथ्वीराज," म्हटलं, "फुकट न्हवतं ते."