संशय माळ्यावर

"हा खून माळ्यानंच केलाय. पुढं वाचायलाच नको," असं म्हणत कुमुदिनीबाईंनी रहस्यकथा फटकन मिटली.

पलंगावर त्यांचे यजमान दिगंबरराव उशीला टेकून बसले होते. पक्षाघातानं त्यांची वाचा गेली होती. "त्यांच्याशी बोलत राहा," डॉक्टर म्हणाले होते. पण एकटीनं बोलणार तरी किती? म्हणून त्या वाचनालयातून रहस्यकथा आणून वाचून दाखवायच्या आणि मधूनमधून आपली मतंही ठोकून द्यायच्या. एकदा भयकथा आणली, तर "भुतापेक्षा यातली सासूच भयंकर" म्हणून परत केली.

आज मात्र दिगंबररावांनी डावा हात पुढं करून पुस्तक धरलं. ओठ थरथरले. "ना... ही. भा... चा."

म्हणजे यांचा संशय गोष्टीतल्या भाच्यावर! कुमुदिनीबाईंनी पुस्तक पुन्हा उघडलं. मग भरल्या आवाजात त्यांनी उरलेली पानं एका बैठकीत वाचून काढली. खुनी निघाली स्वयंपाकीणबाई, जिचा आधी कुठं उल्लेखसुद्धा नव्हता!

"काय हो, कशी वाटली?"

दिगंबररावांनी सगळा जोर एकवटला. "बं... डल!"

"अगदी बंडल!" हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "उद्या दुसरी आणते. पण असंच भांडायचं हं माझ्याशी."