पेनीसाठी सातवा आकडा

"चारवर ठेवलं होतं, तरी गेली?" कुत्र्यांसाठी विजेचं कुंपण बसवणाऱ्या गॉर्डीला खरं वाटेना. "चारला शिकारी कुत्रीसुद्धा माघार घेतात. ही तर मेंढ्या राखणारी जात."

"गेली. किंचाळत गेली, पण गेली," ड्वेन म्हणाला. "आणि पुन्हा बाबा तिच्यामागे."

पेनी तेव्हा टेबलाखाली होती, ड्वेनच्या वडिलांच्या पायांवर हनुवटी टेकून. वडील म्हणजे आर्विड, वय ब्याऐंशी. कॉफीत साखर घातली की नाही हे त्यांना आठवत नसे, म्हणून ते चौथ्यांदा घालत होते. त्या उन्हाळ्यापासून पाच वेळा ते घरातून नाहीसे झाले होते. कधी शेजाऱ्याच्या गोठ्यापाशी सापडले, कधी ओढ्यावरच्या पुलाजवळ. दर वेळी पेनी बरोबर असायची, आणि दर वेळी आर्विड ताठ मानेनं सांगायचे, "पेनी सुटली होती. तिला आणायला गेलो होतो." मिनेसोटातल्या त्या भागात म्हातारा माणूस वाट चुकलो असं मरेपर्यंत म्हणत नाही. पडलो तरी नाक वर. आणि बापानं सांगितलं की मुलगा ते मुकाट्यानं मानतो, उलटा प्रश्न विचारत नाही. ड्वेननंही मानलं. कुत्री बांधली की बाप आपोआप घरात राहील, हिशेब सोपा होता.

गॉर्डीनं दुसरेही उपाय सांगून पाहिले. लाकडी कुंपण घाला, पण फेब्रुवारीत बर्फाचा ढीग कुंपणाच्या टोकाला लागतो आणि कुत्रं वरून आरामात चालत जातं. उपग्रहावर चालणारा पट्टा घ्या, पण पाइनच्या दाट झाडांखाली तो बावचळतो. त्यापेक्षा आहे तीच जमिनीत पुरलेली तार बरी, कुत्रं तिच्याजवळ गेलं की गळ्यातला पट्टा विजेचा झटका देतो. फक्त पट्ट्यावरचा आकडा वाढवायचा.

"सातपर्यंत जातो. पण मी सहसा लावत नाही," तो म्हणाला. "आणि एक सांग, ती जाते कशापायी? ससे? हरणं? हौसेनं जाणारं कुत्रं चारला थांबतं. दणका सोसून जाणाऱ्याला तिकडे काहीतरी काम असतं."

"कसलं डोंबलाचं काम! भटकी आहे ती," ड्वेन म्हणाला.

ओट्यापाशी उभी असलेली त्याची बायको लोइस हळूच म्हणाली, "त्यापेक्षा मागच्या दाराला वरच्या बाजूनं कडी लावू या ना. बाबांचा हात पोचणार नाही अशी."

"हे घर बांधलं कुणी? बाबांनी. त्यांच्याच घरात त्यांना कोंडू? गुरासारखं?" ड्वेनचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "गॉर्डी, सात लाव."

गॉर्डीचा नियम होता की झटका आधी घरातल्यांनी हातावर घेऊन बघायचा. ड्वेननं पट्टा मुठीत धरला. कोपरापर्यंत कळ गेली आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ठीक आहे," तो म्हणाला. आर्विडनी कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

पेनी दोन दिवसांत शिकली. तारेवर ओळीनं खोचलेल्या पांढऱ्या निशाणांच्या चार हात अलीकडेच ती पोट जमिनीला टेकवून बसायची. पुढचे तीन आठवडे आर्विडही कुठे गेले नाहीत. ड्वेन शेजाऱ्यांना कुंपणाचं कौतुक सांगू लागला. रविवारी चर्चला जाताना बाबांजवळ बसायला येणाऱ्या बाईला त्यानं नको म्हणून कळवलं. पेनी जाणार नाही, तर बाबा कशाला जातील?

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी पहाटे बर्फ पडून थांबलं होतं. चर्चमधलं जेवण आटोपून दोघं दोन वाजता परतली, तेव्हा पेनी मागच्या बाजूला निशाणांजवळ उभी होती. भुंकून भुंकून तिचा आवाज बसला होता.

"पाहिलंस? जागची हलली नाही," ड्वेन हसून लोइसला म्हणाला. "शाबास, पोरी!" त्यानं चर्चमधून आणलेला हॅमचा तुकडा गाडीपासूनच तिच्याकडे फेकला. तिनं तो हुंगलासुद्धा नाही.

मागचं दार उघडं होतं. खुंटीवर आर्विडचा कोट तसाच लटकत होता.

शेजारी पिकअप घेऊन धावले. तासाभरात आर्विड सापडले, ओढ्यावरच्या पुलाखाली. गुडघ्यांपर्यंत पाण्यात, काठाला पाठ लावून बसलेले. शेरीफच्या माणसानं मानेला बोटं लावून पाहिली आणि टोपी काढली. ड्वेनला गाडीत बसवत होते, पण तो बसला नाही. बापाच्या बुटांचे ठसे धरून तो उलटा घराकडे चालू लागला. अर्धा मैल ते ठसे एकटेच होते.

निशाणांपाशी बर्फाचा चिखल झाला होता. त्यात केस होते, थोडं रक्त होतं. पेनी तिथंच पडून होती. तिनं मान वर केली तेव्हा पट्ट्याखालची सोललेली कातडी दिसली. किती वेळा ती तारेवर गेली होती आणि किती वेळा मागे फेकली गेली होती, कुणास ठाऊक.

ड्वेन तिला ओलांडून पुढे गेला आणि थबकला. तो दहा वर्षांचा असल्यापासून हरणांचा माग काढत आला होता. आधी कोण गेलं आणि मागून कोण, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. निशाणांपासून थेट मागच्या दारापर्यंत बापाचे ठसे होते, आणि पेनीचे पंजे त्या ठशांवर, वरून उमटलेले होते.