दोघांची एक कंपनी

अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर दोघा भावांनी मिळून उभं केलं होतं. पुढे बिनसलं, धाकट्याने समोरच्याच इमारतीत स्वतःची कंपनी थाटली आणि दादाशी बोलणं पार तुटलं.

मग एका बड्या कंपनीने दोघांच्याही कंपन्या विकत घेऊन एक केल्या. आईला कोण आनंद! "माझी पोरं एका छताखाली आली हो," असं ती फोनवर ज्याला त्याला सांगत सुटली.

पहिल्याच मीटिंगमध्ये नव्या साहेबांनी दोघांचे तोंडभरून आभार मानले आणि दोघांनाही नारळ दिला.

टेबलावरचं सामान खोक्यात भरून धाकटा लिफ्टमध्ये शिरला, तर आत दादा उभा. त्याच्याही हातात खोकं. लिफ्ट खाली निघाली.


शेवटी दादाच म्हणाला, "आईला काय सांगायचं रे?"