बाहेरचा थेंब

डॉक्टरबाईंनी फेरिदेच्या मांडीवरच्या एल्मासची पापणी उलटली. आत पिवळट, कडक पापुद्रा. लाकडाच्या ढलपीसारखा. दोनदा कापून काढला होता. दोन्ही वेळा तो आधीपेक्षा जाड होऊन आला.

"घरी काय करत होतात?"

फेरिदेने सांगितलं. रोज सकाळी चहाच्या कोमट पाण्यात कापूस बुडवून ती लेकीचे डोळे पुसायची. गावात सगळ्याच आया करतात तसं. डोळ्यांवर साय धरलेली असायची, ती सुटेपर्यंत चोळायची. हात साबणाने धुऊन, कापूस उकळून.

 डॉक्टरबाई हळूहळू समजावू लागल्या. जखम झाली की रक्त धाग्यांची जाळी विणतं. काम झाल्यावर ती जाळी विरघळवायला रक्तातलं प्लाझ्मिन नावाचं द्रव्य लागतं. ते आपल्या वेटोळ्यांनी धाग्याला पकडतं आणि टोकाच्या कात्रीने त्याचे तुकडे करतं. ते ज्याच्यापासून बनतं, तेच एल्मासच्या रक्तात जवळजवळ नाही. जरा खरचटलं की जाळी, ती ओढून काढली की पुन्हा जखम, वर पुन्हा जाळी.

"म्हणजे मी रोज..."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं." डॉक्टरबाईंनी नजर खाली वळवली. उजवा डोळा गेलाच होता. डाव्यासाठी दुसऱ्याच्या रक्तातून थेंब बनवून डोळ्यात घालून बघायचे. वाचेलच असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

आत्या उठली. फेरिदेची आत्या, आणि सासूही तीच. बाही वर सारत म्हणाली, "माझं घ्या. आमच्या घराण्यात चार पिढ्या बाहेरचा थेंब मिसळलेला नाही."

"म्हणून तर नको, आजी. तपासणीत तुमच्या, तुमच्या मुलाच्या, सुनेच्या, तिघांच्याही रक्तात ते निम्मंच निघालंय; आई-बाप दोघांकडून तोच दोष पोरीत उतरलाय. परक्याचंच लागेल."

आत्याने बाही खाली ओढली. तिला बटण लावता येईना. फेरिदेने लावून दिलं.

दोघी बाहेर आल्या. एल्मास फेरिदेच्या खांद्यावर झोपली होती. रमजान सरला की फेरिदेच्या धाकट्या बहिणीचं, नाझलीचं लग्न होतं, आत्याच्याच धाकट्या मुलाशी. जिन्यापाशी आत्या थांबली. मागे न बघता म्हणाली,

"नाझलीला यातलं काही सांगू नकोस हो, पोरी. अंगठी घालून झालीय."