पुरवणी प्रश्न

"प्रश्न क्रमांक सात," असे म्हणून अध्यक्ष झालेल्या मच्छिंद्रने घंटी वाजवली आणि दमयंतीला वाटले, आत्ता इथून उठावे आणि सरळ घरी पळावे.

पण संरक्षणमंत्र्याला पळता येत नाही. श्रीरामपूरच्या हायस्कुलातली ती लुटुपुटीची असेंब्ली. साल अठ्ठेचाळीस, दिवस थंडीचे. एका बाजूच्या बाकांवर सरकार, समोर विरोधक, मागे सतरंजीवर सगळी शाळा दाटीवाटीने बसलेली. मॅट्रिकच्या वर्गात मंत्री कमी पडले, म्हणून संरक्षण आणि परराष्ट्र ही दोन्ही खाती दमयंतीच्या गळ्यात पडली होती. आईचे नऊवारी लुगडे नेसून ती तासभर उत्तरे देत होती. ब्रह्मदेशाशी आपले कसे आहे, तोफा किती, विमाने किती, सगळे नारायण मास्तरांनी वहीत लिहून दिलेले. एका वात्रट मुलाने विचारले होते, संरक्षणमंत्री पालीला घाबरतात हे खरे आहे काय. पाल हद्दीबाहेरून आल्यामुळे प्रश्न परराष्ट्र खात्याकडे पाठवला आहे, असे ती म्हणाली. सभागृह हसून लोळले. ती हसली नाही.

तिचे वडील गावचे पोस्टमास्तर. सकाळी आठाला तार आली, ती त्यांनी स्वतःच उतरून घेतली आणि चहा तसाच ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मुक्ताचा भाऊ सूर्यभान काश्मीरच्या लढाईत कामी आला होता.

मुक्ता म्हणजे दमयंतीच्या बाकावरची मुक्ता. कालव्यापलीकडच्या वस्तीवरून रोज दीड कोस चालत येणारी. घरी आई भागूबाई आणि ती, दोघीच. सूर्यभानचे पत्र आले की मुक्ताने वाचायचे आणि भागूबाईने 'पुन्यांदा वाच' म्हणायचे, ते पत्र घडीवर फाटेपर्यंत. घरात पुरुषमाणूस नाही. म्हणून दमयंतीच्या वडिलांनी तार कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि भागूबाईच्या भावाला, राहुरीच्या सहादेवला, निरोप धाडला. तो संध्याकाळच्या गाडीने यायचा होता.

"तार अडवून ठेवणं गुन्हा आहे, दमू," ते म्हणाले होते. "पण एकट्या बाईच्या हातात ही नुसती ठेवून यायची कशी? संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द काढू नकोस."

आणि शाळेच्या फाटकाशी मुक्ता भेटली, ती खुशीतच. आई आज पहाटे दादाच्या नावाच्या ओव्या गात होती, म्हणे. एकीतून दुसरी निघत होती, दुसरीतून तिसरी. दळण सरले, तरी आईची ओवी सरेना.

तीच मुक्ता आता विरोधी बाकावरून उठली होती. वहीतला प्रश्न तिने खणखणीत वाचला. काश्मीर आघाडीवरच्या जवानांना थंडीचे कपडे पोचले आहेत काय, हे माननीय संरक्षणमंत्री सांगतील काय?

दमयंतीने उत्तर वाचले. होय. प्रत्येक जवानाला एक लोकरी कोट, दोन कांबळी आणि हातमोजे देण्यात आले आहेत. 'प्रत्येक' या शब्दापाशी तिचा आवाज अडखळला. पण टाळ्या पडल्या आणि ते कुणाच्या ध्यानात आले नाही.

मुक्ता खाली बसली नाही.

"पुरवणी प्रश्न, अध्यक्ष महाराज." हा वहीत नव्हता. मच्छिंद्रचा हात घंटीवरच राहिला. "माझ्या दादाचं पत्र दोन महिनं झालं, आलं न्हाई. त्याची काही खबर सरकारकडं हाय का?"

पुस्तकी भाषा गळून पडली, तशी सतरंजीवर खसखस पिकली. नारायण मास्तर मात्र खूश झाले. असा प्रश्न त्यांना शिकवून विचारून घेता आला नसता. त्यांनी पुढे वाकून दमयंतीला हळूच सांगितले, की मंत्र्याने टाळावे, लांबवावे, वेळ मागून घ्यावा. सभागृहात खोटे तेवढे बोलू नये. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

दमयंतीने पान उलटले. 'माहिती मागवण्यात आली आहे.' 'ही माहिती उघड करणे देशहिताचे नाही.' दोन्ही वाक्ये तिथे सुवाच्य अक्षरात उभी होती. कुठलेही एक वाचले, की संध्याकाळ आपल्या पायांनी येणार होती. सहादेवमामा गाडीतून उतरणार होता, वडील त्याच्या सोबत कालव्यापलीकडे जाणार होते. उद्या मात्र मुक्ता विचारणार होती, तुला सकाळीच ठाऊक होतं ना गं? आणि मग जन्मभर ते वहीतले वाक्य दोघींच्या मध्ये बसून राहणार होते.

तिने वर पाहिले. मुक्ता हसत होती. अर्धी थट्टेत, अर्धी जीव मुठीत धरून.

"हाय," दमयंती म्हणाली.

सभागृह खदखदून हसले. मंत्रीणबाईंनी मुक्ताची बोली काय छान उचलली, असेच सगळ्यांना वाटले. दमयंतीने वही मिटली. डोळे पुसायला तिला पदर सापडेना. लुगड्याची सवय नाही, पदर कुठे खोचला होता तेच तिला आठवेना. पुढच्या रांगेतले हसू आधी थांबले, मग मागचे. मास्तर खुर्चीवरून अर्धवट उठले आणि तसेच राहिले.

मुक्ता तिच्या तोंडाकडे बघत होती. पोस्टमास्तरांच्या मुलीच्या तोंडाकडे. बघता बघता तिच्या ओठांवरचे हसू सुकत गेले. तिने दोन्ही हातांनी बाकाची कड धरली. ती रडेल, असे मच्छिंद्रला वाटले. पण ती ताठ उभी राहिली, सदस्याने राहावे तशी.

"अध्यक्ष महाराज, आनखी एकच पुरवणी प्रश्न," ती म्हणाली. "आलेला कागद आईला मीच वाचून दावायचा का?"