सहा टक्क्यांवरचं भांडण

अंटार्क्टिकावरच्या त्या तंबूत एक स्लीपिंग बॅग, बिस्किटांचे दोन पुडे, अर्धा थर्मास चहा, हेमराज बोकडे आणि त्यांचा वॉकीटॉकी होता. बाहेर उणे एक्केचाळीस अंश तापमान आणि हिमवादळ. वॉकीटॉकी बोलणाऱ्याच्या आवाजावर चार्ज होई. आवाज चढला की चार्जही भराभर चढे. पण मितभाषी हेमराज सकाळपासून फक्त तीनदा ‘बरं’ म्हणाले होते. चार्ज सहा टक्क्यांवर आला. तो संपला असता तर त्यांना आणायला निघालेल्या गाडीला तंबूचा संकेत मिळाला नसता.

“बोकडेसर, बोला काहीतरी,” तळावरून प्राची घाटगे म्हणाली.

“काय बोलू?”

प्राचीनं क्षणभर विचार केला. “तुमच्या नागपूरच्या सावजी रश्श्याला चव नसते बघा. नुसता जाळ.”

हेमराज ताडकन उठून बसले. “बत्तीस मसाले असतात त्यात, मॅडम! तुमचा कोल्हापुरी पांढरा रस्सा म्हणजे आजाऱ्याची पेज!”

“बत्तीस? मसाला तर तुम्ही पुडीतला आणता.”

“काहून खोटं बोलता जी!” हेमराज ओरडले. “मोजा! धने, खसखस, दगडफूल…”

गाडी तंबूपाशी पोचली तेव्हा ते एकोणिसाव्या मसाल्यावर होते. वॉकीटॉकीचा चार्ज ब्याण्णव टक्के होता.