फुकटचा गारवा

प्रोसेसर जोरात पळवायचा आणि रॅमचं टायमिंग, म्हणजे तिच्या वेगाचे आकडे, त्याच्याशी जुळवायचे, हे वेड कॉलेजात मीच बेनेडिक्टला लावलं. आता त्याचा कॉम्प्युटर सुसाट पळायचा. माझा मात्र, त्याचेच आकडे टाकले तरी, तापायचा आणि अडकायचा. पापडीच्या सायबर कॅफेत पोरं त्याचंच नाव घ्यायची आणि माझ्या पोटात दुखायचं.

"आकडे उतरवून नाय चालत, जितू," तो म्हणायचा. "प्रत्येक रॅम वेगळी असते. एकेक आकडा बदलून बघत बसावं लागतं."

हा काहीतरी लपवतोय, याची मला खात्री होती. जुलैतल्या एका दुपारी मी न कळवता पाचूबंदरच्या कोळीवाड्यात त्याच्या घरी थडकलो. बघतो तर काय, त्याचा कॉम्प्युटर मासेमारीच्या बोटीवरच्या बर्फाच्या मोठमोठ्या पेट्यांच्या मधोमध!

माझा जीव भांड्यात पडला. हुशारी कसली डोंबलाची, घरचा फुकटचा गारवा! माझ्या मनवेलपाड्याच्या फ्लॅटमध्ये एवढा बर्फ असता, तर मीही दाखवून दिलं असतं.

"लिलीआंटी, या बर्फामुळेच पळतो ना याचा कॉम्प्युटर?" मी हसत हसत त्याच्या आईला विचारलं.

 

आंटीने एका पेटीचं झाकण उघडून दाखवलं. "नारली पुनवेपर्यंत बोटी बंद, मंग बरफ कशाला आनू? पेट्यांत कांदे भरलेत."